विनंती थांबा

माझ्या सासऱ्यांसारखा ताठ माणूस उभ्या सातारा जिल्ह्यात दुसरा नाही, असं मी म्हटलं तर जिल्ह्यातले लोक रागावतील, कारण तिथं ताठ माणसांचा तुटवडा कधीच नव्हता. पण बाकीचे प्रसंगापुरते ताठ होतात आणि प्रसंग टळला की सैल पडतात. आमचे सासरे झोपेतसुद्धा ताठ असतात. देवानं इतरांच्या पाठीत मणके घातले, ह्यांच्या पाठीत पहार घातली. वाकणं तर राहोच, वाकण्याच्या आसपासचा शब्दही त्यांना खपत नाही. विनंती, विनवणी, आर्जव, अजिजी, याचना, मनधरणी, कृपा, उपकार, मेहेरबानी हे शब्द तुमच्याआमच्यासाठी शब्दकोशात असतात. त्यांच्या मते ते गटारात असतात. आणि असले शब्द तोंडात घोळवणाऱ्या माणसांची तर त्यांनी स्वतःची एक उतरंडच लावून ठेवली आहे. सर्वांत वर 'गरजू'. गरज कुणालाही पडते, त्यात लाजण्यासारखं काही नाही. त्याच्याखाली 'अर्जदार', त्याच्याखाली 'याचक', त्याच्याखाली 'लाचार', आणि अगदी तळाला, जिथं ऊन पोचत नाही अशा जागी, 'लाळघोट्या'. "गरजू मानूस वरच्या पायरीवरनं घसरला की थेट तळाला जातोय बगा," ते सांगतात, "मदी थांबायला जागाच न्हाई."

त्यांचं गाव रहिमतपूरच्या अलीकडे, मोठ्या रस्त्यापासून थोडं आत. थोडा ऊस, दोन म्हशी, आणि फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाल्यावर घरी आणलेली एक लोखंडी ट्रंक, एवढा संसार. फौजेत हा माणूस टिकला याचं मला आश्चर्य वाटत नाही, कारण तिथं हुकूम असतो आणि तामिली असते, मधे कुठं 'कृपया' येत नाही. तरी रजेपाशी गाडी अडायचीच. स्वतःच्या लग्नासाठी त्यांनी दिलेला रजेचा कागद अख्ख्या तुकडीत गाजला होता म्हणे. त्यावर "लग्न आहे. जातो. लावून येतो." एवढंच लिहिलेलं. साहेब पंजाबी होता. त्यानं मजकुराचा अर्थ दुसऱ्याकडून समजून घेतला, पोट धरून हसला आणि रजा वाढवून दिली. ही हकिकत मामा स्वतः कधी सांगत नाहीत. ती मी मामींकडून, म्हणजे माझ्या सासूबाईंकडून, ऐकली. आमच्याकडे सासऱ्यांना मामा आणि सासूबाईंना मामी म्हणतात, तेव्हा पुढं मी तसंच म्हणतो.

अशा माणसाच्या नशिबी माझ्यासारखा जावई यावा हा विनोदच. मी सांगलीचा. एका कंपनीत पत्रव्यवहार सांभाळतो. दिवसभर 'सविनय कळविण्यात येते की' आणि 'सहकार्याची अपेक्षा आहे' लिहून माझी बोटं गुळगुळीत झाली आहेत. स्वभावानंही मी आर्जवीच. रिक्षावाल्यालासुद्धा "जरा स्टेशनपर्यंत सोडता का हो, बरं होईल" असं विचारतो. एकदा मामा बरोबर होते. ते रिक्षात बसले, काठी गुडघ्यांत धरली आणि म्हणाले, "पावनं, तुमी रिक्षात बसताय का रिक्षाच्या पाया पडताय?" रिक्षावाला इतका खूश झाला की त्यानं वाटभर मामांशीच गप्पा मारल्या. मला कुणी विचारलं नाही.

आमचं लग्न ठरलं तोच मुळी एक पराक्रम होता. आमच्याकडची मंडळी मुलगी बघायला गेली. पोहे झाले, चहा झाला, पसंती डोळ्यांनी कळली, आणि मग सगळे थांबले. का थांबले, तर आता मुलीच्या बापानं हात जोडून 'आमची पोरगी पदरात घ्या' म्हणायचं, अशी रीत. माझे थोरले काका त्या वाक्यासाठी सावरून बसले होते. मामा काही बोलेनात. काकांनी खाकरून सुचवलं, "हं, मग तुमचं काय म्हणणं?"

"माजं काय? पोरीला पोरगा पसंत हाय. पोराला पोरगी पसंत दिसतीया, मगाधरनं चहा गार करून बसलाय. लगीन लावू."

"तसं नव्हे. पदरात घ्या, असं मुलीकडच्यांनी..."

"पदरात घ्यायला ती काय ओटीचा नारळ हाय व्हय? पायांनी चालत येतीया. म्या मागाय बी बसलो न्हाई आन द्यायला बी बसलो न्हाई. पोरगी काय जिन्नस हाय का?"

काकांचा चेहरा लाल झाला. "मुलीच्या बापानं जरा नमतं घ्यावं, अशी पूर्वापार रीत आहे."

"मग त्या पूर्वापारच्या मान्सालाच पाटवून द्या हिकडं," मामा म्हणाले, "त्याच्यासंगं बोलतो."

काका उठलेच होते. चप्पल शोधायला लागले होते. तेवढ्यात माझी आई, जी चार माणसांत कधी काकांसमोर बोलत नसे, बसल्या जागेवरून म्हणाली, "भावजी, बसा. माझ्या लग्नात माझ्या वडिलांनी डोक्यावरची टोपी काढून तुमच्या वडिलांच्या पायांशी ठेवली होती. मंडपात सगळे बघत होते. मला ती टोपी अजून दिसते. ही मुलगी आपल्या घरात हवी." काका बसले. पुढं लग्नपत्रिकेच्या वेळी पुन्हा थोडी खडाखडी झाली. पत्रिकेच्या तळाला 'आपले विनीत' छापतात, त्यावर मामांनी काट मारली. छापखानेवाला म्हणाला, "मग काय घालू?" मामा म्हणाले, "कळवणारे." त्यामुळे आमची पत्रिका लग्नाची कमी आणि पाणी बंद राहण्याच्या सूचनेसारखी जास्त दिसत होती. पण मांडवात माणूस मावत नव्हता.

ह्यावरून कुणाला वाटेल की हा माणूस दुसऱ्याच्या अडीअडचणीला दगड असेल. उलट आहे. गावात ज्याला काही हवं तो ह्यांच्याच दारात येतो, फक्त त्याला मागण्याचं शिक्षण घेऊन यावं लागतं. कुणी अंगणात येऊन हात चोळत "हवालदार, जरा उपकार करा, गरिबावर..." असं सुरू केलं की मामा त्याला मधेच तोडतात. "माघारी जा. कडीपातूर जा. आता सरळ चालत ये आन काय पायजे ते सांग." तो बिचारा फाटकाच्या कडीपर्यंत जाणार, ताठ होणार, परत येणार आणि म्हणणार, "हवालदार, फवारायचा पंप पायजे." "खोपटात हाय, घिऊन जा." काम झालं. देवळातही हेच. मारुतीपुढं उभे राहतात, घंटा वाजवतात, वळतात. मी एकदा विचारलं, काही मागितलं का? म्हणाले, "हजेरी दिली. त्याला दिसतंय की सगळं. मुद्दाम सांगाय त्यो काय आंधळा हाय?" मोबाइलवर मात्र त्यांची खरी पंचाईत होते. तिकडून ती बाई गोड आवाजात 'कृपया प्रतीक्षा करा, आपण आमच्यासाठी महत्त्वाचे आहात' म्हणायला लागली की ते फोन कानापासून लांब धरतात. "बगा पावनं, ज्याच्या हातात दोरी असती त्योच लय गोड बोलतोय. आन ज्याच्या गळ्यात दोरी असती त्याला वाटतंय, आपुन बी गोड बोलावं."

हे सगळं हसण्यावारी जात होतं, ते बिरूच्या पोरीचं प्रकरण होईपर्यंत.

बिरू मामांचा शेजारी. मूळचा पूर्वेकडचा, माणदेशातला, मेंढरांमागं फिरणारा. बापाच्या वेळेपासून इथं स्थिरावला, आता थोडी शेती करतो आणि थोडी मेंढरंही आहेत. स्वभावानं इतका गरीब की मेंढरालाही हाकताना 'चल बाई' म्हणतो. त्याची थोरली पोरगी काजल बारावीला, रहिमतपूरच्या कॉलेजात, शास्त्र शाखेला. त्यांच्या घराण्यात इतकं शिकलेलं माणूस अजून झालेलं नव्हतं. सकाळची एकच बस तिच्या वेळेची, आणि ती फाट्यावरून जाते. फाट्यावर लोखंडी पाटी आहे: 'विनंती थांबा'. म्हणजे गाडी तिथं थांबलीच पाहिजे असं नाही; तुम्ही हात करायचा, चालकाच्या मनात असलं तर तो थांबणार. सकाळची गाडी मागूनच भरून येते. चालकाच्या मनात नसतं. काजल आणि आसपासच्या वस्त्यांवरच्या आणखी पोरी हात करायच्या, गाडी धुरळा उडवून निघून जायची. प्रयोगाचे तास बुडाले. एकदा काजल दुसऱ्याच्या मोटरसायकलवर मागं बसून गेली, त्यावरून वस्तीवर कुजबुज झाली. बिरूच्या भावकीनं सांगितलं, शिकलं तेवढं बास, बोरगावकडचं एक स्थळ चालून आलंय, परीक्षेची वाट कशाला बघता?

बिरू दोनदा बस आगारात गेला. टोपी हातात घेऊन. "साहेब, गरिबाची इनंती हाय" म्हणाला. पहिल्यांदा त्याला बाकावर बसवून ठेवलं आणि संध्याकाळी 'बघतो' म्हणून पाठवलं. दुसऱ्यांदा बाकावर बसवलं नाही, एवढाच फरक. मग तो मामांच्या अंगणात आला. मी तेव्हा तिथंच होतो, रजा काढून गेलो होतो.

"काय म्हनलास तितं?" मामांनी विचारलं.

"हात जोडून सांगितलं, आबा."

"हात जोडले म्हंजी हात गुतले रं. गुतल्याल्या हातानं काय हुनार? काजल काय म्हनती?"

बिरू खाली बघत राहिला. "रडती न्हाई. जेवत न्हाई."

मामा माझ्याकडं वळले. "पावनं, गाडी काडा."

आगारातले साहेब वाईट नव्हते, थकलेले होते. त्यांनी आम्हाला खुर्च्या दिल्या आणि म्हणाले, "आजोबा, एक विनंती अर्ज देऊन ठेवा."

"इनंती न्हाई. कळवाय आलोय. सकाळची गाडी आमच्या फाट्याव थांबत न्हाई. पोरींची परीक्षा तोंडाव आली. उद्याधरनं थांबंल असं बगा."

"अहो, तो अधिकृत थांबा नाही. विनंती थांबा आहे. तिथं चालकाच्या मर्जीवर असतं."

"कुनाच्या मर्जीव?"

साहेबांनी पुन्हा सांगितलं. मामांनी काठी उचलली. उठले. मला वाटलं, हरले. परतीच्या वाटेवर रहिमतपुरात त्यांनी गाडी थांबवायला लावली आणि रंगाच्या दुकानातून पांढऱ्या रंगाचा डबा आणि ब्रश घेतला. मी म्हटलं, "मामा, सरकारी पाटी आहे ती." म्हणाले, "ठावं हाय. त्यातला निम्मा शब्द आमचा बी हाय."

रात्री मामा डबा घेऊन एकटेच बाहेर पडले. दुसऱ्या दिवशी सकाळी फाट्यावर गेलो तर पाटीवरचा 'विनंती' गायब. कोऱ्या पांढऱ्या पट्ट्याखाली मोठ्या अक्षरांत फक्त 'थांबा' उरलं होतं. आणि पाटीच्या पुढं, रस्त्याच्या बरोबर मध्यावर, फौजेचा कोट घालून, छातीवर बिल्ले लावून मामा उभे. मागं काजल आणि पोरी दप्तरं घेऊन. कोट आता त्यांना ढगळ होत होता, पण माणूस आत जिथल्या तिथं होता. बस दिसली. पोरींनी सवयीनं हात वर केले. "हात खाली!" मामा ओरडले. "कुनी हात करायचा न्हाई." आणि त्यांनी स्वतःचा हात खांद्याच्या रेषेत आडवा धरला, फौजेच्या नाक्यावर गाड्या अडवतात तसा. मी रस्त्याच्या कडेला उभा राहून मनातल्या मनात त्या चालकाला 'कृपया, कृपया' म्हणत होतो. चालकानं भोंगा वाजवला, मग जास्त वाजवला, आणि मग करकचून ब्रेक लावला. गाडी मामांपासून दोन-चार हातांवर थांबली.

"ओ आजोबा, मरायचंय का?"

"न्हाई. पोरींला कालेजाला जायाचंय. दार उगडा."

"जागा कुठाय? गाडी भरलीया."

"दाबून बसा. फौजेत आमी यापेक्षा दाट झोपायचो."

गाडीतून कुणीतरी हसलं. एका बाईनं आतून दांडी सरकवली, दार उघडलं, "या गं पोरींनो" म्हणाली. पोरी चढल्या. मामांनी हात खाली घेतला, रस्ता सोडला आणि चालकाला कडक सलाम ठोकला. त्यानंही हात कपाळाला लावला. मग रोज सकाळी हे सुरू झालं. थंडी असो, धुकं असो, मामा रस्त्यात, हात आडवा, दार उघडलं की सलाम.

आठवडाभरानंतर कुणीतरी तक्रार केली. सरकारी पाटी विद्रूप केली, वाहतूक अडवली. पोलीस ठाण्यातून बोलावणं आलं. मी सांगलीहून धावत गेलो. तिथले साहेब तरुण होते, मामांच्या कोटाकडं बघून अवघडले होते. त्यांनी समजुतीनं सांगितलं, "बाबा, एक ओळ लिहून द्या. चूक झाली, क्षमा असावी. मी इथंच विषय मिटवतो."

मी मामांच्या कानाशी लागलो. म्हटलं, एका ओळीचा प्रश्न आहे. मामी घरी काळजीत आहेत. मामांनी माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं की मला मी पत्रव्यवहार सांभाळतो ह्याचीच लाज वाटली. "साहेब," ते म्हणाले, "पाटी मी रंगीवली. परत 'इनंती' दिसली तर परत रंगवीन. चूक झालीच न्हाई तर क्षमा कशाची मागू? आत बसवायचं तर बसवा. दवापानी घरनं ईल."

साहेबांनी पेन टेबलावर ठेवलं. आणि तेवढ्यात दारातून बिरू आत आला. त्याच्यामागं वस्तीवरची माणसं होती, बायका होत्या, काजलही होती. बिरूची टोपी त्याच्या डोक्यावरच होती. तो टेबलासमोर येऊन उभा राहिला. त्याचा आवाज मोठा निघाला, कदाचित त्याला स्वतःलाही अपेक्षा नसेल इतका मोठा.

"साहेब, रंगाचा डबा मी धरला हुता. आमच्या पोरी त्याच गाडीनं जात्यात. आबाला आत घेताय तर मला बी घ्या. पर गाडी थांबली पायजे."

"थांबली पायजे," मागून एक बाई म्हणाली. मग आणखी कुणीतरी म्हणालं. कुणी ओरडलं नाही. पावसाआधी पत्र्यावर थेंब पडावेत तशी ती वाक्यं एकेक पडत होती. डबा बिरूनं धरला नव्हता, हे मला माहीत होतं आणि मामांनाही. पण मामा गप्प राहिले. त्यांच्या मिशा हलत होत्या. मी त्यांच्या डोळ्यांत पाणी बघितलं ते त्या दिवशी पहिल्यांदा.

साहेबांनी सगळ्यांना समज देऊन सोडलं. आगाराचे साहेब त्यानंतर एका सकाळी स्वतः मोटरसायकलवर फाट्यावर आले, बाजूला उभे राहून पोरींना चढताना बघितलं आणि न बोलता गेले. काही दिवसांनी नवी पाटी आली. तिच्यावर गावाचं नाव होतं आणि खाली 'बस थांबा'. मामांनी ती वाचली, "अक्षर बरं काडलंय" म्हणाले आणि कोट ट्रंकेत घडी घालून ठेवला. काजल पास झाली. स्थळ परत गेलं. आता ती सांगलीत नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, सुट्टीच्या दिवशी आमच्याकडं येते आणि माझ्या बायकोशी ताठ मानेनं वाद घालते.

मामाही आता सांगलीत आमच्याकडंच असतात. गेल्या वर्षी मामी गेल्या. आजार फार दिवसांचा नव्हता. मामांनी गावी एकट्यानं राहून बघितलं, पण थंडीत पडले, कमरेला लागलं, आणि माझी बायको जाऊन त्यांना घेऊन आली. इथं ते दिवाणखान्यात खिडकीजवळच्या खुर्चीवर बसतात. ताठच बसतात. बोलणं मात्र कमी झालंय.

परवा बायको दिवसभर बाहेर होती. ऑफिसला सुट्टी म्हणून मी घरी होतो, कामात होतो, आणि दुपार कलली तेव्हा माझ्या लक्षात आलं की मामा सकाळपासून जेवलेले नाहीत. स्वयंपाकघरात ताट झाकून ठेवलेलं तसंच होतं. त्यांना कमरेमुळं उठता येत नव्हतं, आणि मला हाक मारता येत होती, पण त्यांनी मारली नव्हती. मी ताट घेऊन गेलो. जरा चिडूनच म्हटलं, "मामा, मी शेजारच्या खोलीत होतो. नुसतं 'जेवायला द्या' म्हणायचं. त्यात काय मागणं आहे?"

त्यांनी ताट मांडीवर घेतलं. भाकरी मोडली. बराच वेळ ती हातातच होती.

"सवय न्हाई वो, पावनं," ते म्हणाले. "पानी पायजे असं मनात यायच्या आदी ती तांब्या घिऊन उबी असायची. चाळीस वरसं. मला वाटायचं, मी कुनाकडं काय मागत न्हाई." त्यांनी भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. "तिनं मागूच दिलं न्हाई."

मी त्यांच्यासमोर बसलो. भाजी गार झाली होती, ती गरम करून आणतो म्हटलं, तर त्यांनी हातानं नको म्हणून सांगितलं आणि खाली मान घालून जेवायला लागले. खिडकीतून ऊन त्यांच्या पांढऱ्या केसांवर आलं होतं. पाण्याचा पेला रिकामा झालेला दिसला, तेव्हा मी उठून तो भरला.